पिशवी गढूळ आली तर: पोटाच्या डायलिसिसमधला जंतुसंसर्ग आणि त्याचा औषधोपचार

"ताई, आज पाणी तांदळाच्या धुवणासारखं आलंय. पोट बी थोडं दुखतंय. पण ते मी ओतून दिलं अन् नवीन भरून घेतलं."

यातलं तिसरं वाक्य ऐकलं की माझा जीव खालीवर होतो. त्या ओतून दिलेल्या पाण्यात कुठला जंतू आहे याचं उत्तर होतं, आणि ते आता मोरीतून वाहून गेलेलं असतं.

मी पीडी, म्हणजे पोटाच्या डायलिसिसची, सिस्टर आहे. यात पोटातल्या नळीवाटे पिशवीतलं पाणी पोटात भरायचं आणि काही तासांनी ते बाहेर काढून नवीन भरायचं असतं. मराठवाड्यातल्या एका किडनी विभागात पोटाच्या डायलिसिसच्या पेशंटना घरी पाणी बदलायला शिकवते आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांचे फोन घेते. कुणी किनवटकडचं, कुणी भूम-परंड्याकडचं, कुणी सेनगावचं. आठवड्यातून तीनदा मशीनवर यायचं तर एसटीचं भाडं जातं, सोबत येणाऱ्याची मजुरीही बुडते, म्हणून यातल्या बऱ्याच जणांनी पोटाचा डायलिसिस घेतलेला असतो. हाताने पिशव्या बदलायला वीज लागत नाही. त्यामुळे भारनियमनात, शेतातल्या आखाड्यावरही तो होतो. मोठी भीती एकच: नळीवाटे किंवा आतड्यातून पोटाच्या पडद्यात जंतू जाणं, म्हणजे पेरिटोनायटिस.

हा लेख त्याच्या उपचाराबद्दल आहे. घरच्यांनी वाचावा आणि तालुक्याच्या डॉक्टरांनाही दाखवावा. खाली दिलेले डोस इंटरनॅशनल सोसायटी फॉर पेरिटोनियल डायलिसिस या संस्थेच्या २०२२ च्या शिफारशींप्रमाणे आहेत. ते पाहून घरच्या घरी औषध ठरवायचं नाही. तालुक्याचे डॉक्टर आणि किडनीचे डॉक्टर फोनवर बोलत असताना हा कागद दोघांच्या कामी यावा, एवढ्यासाठी ते दिले आहेत.

गढूळ म्हणजे किती गढूळ

चांगलं पाणी पिवळसर असतं, पण आरपार दिसतं. आमच्याकडे शिकवताना मी भिंतीवरचं कॅलेंडर वापरते. पोटातून काढलेल्या पाण्याने भरलेली पिशवी त्याच्यापुढे धरायची. तारखेखालची बारीक तिथी वाचता आली तर ठीक, ती पुसट झाली तर गढूळ. हे रोज सकाळच्या पहिल्या पिशवीला करायचं. रात्रभर मुक्कामी राहिलेल्या पाण्यात फरक लवकर कळतो.

पाण्यात कधीकधी पांढरे धागे दिसतात, सरकीला चिकटलेल्या कापसासारखे. ते फायब्रिन. बाकी पाणी स्वच्छ असेल तर नुसत्या धाग्यांना घाबरू नका, पण फोनवर सांगा. बाईला पाळीच्या दिवसांत पाणी लालसर येऊ शकतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ते दुधासारखं पांढरं होतं, जंतू नसताना. हे सगळं खरं असलं तरी कारण घरी ठरवायचं नाही. गढूळ दिसलं की ते संसर्गाचंच समजायचं आणि पुढचं पाऊल उचलायचं.

दुखणं आणि गढूळपणा जोडीनेच येतील असं नाही. कुणाचं पोट आधी दुखतं आणि पाणी पुढच्या पिशवीला गढूळ येतं. कुणाला काहीच दुखत नाही. ताप तर कित्येकांना येतच नाही. "ताप नव्हता म्हणून थांबलो" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता शिकवताना पहिल्याच दिवशी सांगून टाकते: तापाची वाट बघायची नाही. "पुढची पिशवी बघू, मग ठरवू" असंही करायचं नाही.

पहिला तास: घरी काय करायचं

गढूळ पिशवीचा क्लॅम्प (नळी बंद करायचा चिमटा) लावा आणि ती तशीच ठेवा. नळी कापू नका, ओतू नका. पिशवीवर बाहेर काढल्याची वेळ लिहा. फोन करा, कितीही वाजले असले तरी. मग निघायची तयारी करा. सोबत ती गढूळ पिशवी दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून घ्या. दोन नव्या पिशव्या, दोन कॅप, क्लॅम्प आणि मास्क घ्या, कारण तालुक्याच्या दवाखान्यात हे सामान बहुतेक मिळणार नाही. पोटात औषध द्यायची डॉक्टरांची कितीही तयारी असली, तरी पिशवीच नसेल तर ते देणार कशात? फाईल घ्या, चालू गोळ्यांचा डबा जसाच्या तसा घ्या आणि शेवटचं वजन लिहून घ्या, कारण डोस वजनावर ठरतो.

काही जण घाबरून लागोपाठ तीन-चार पिशव्यांनी पोट खळाळून धुतात. दुखणं घटकाभर हलकं वाटतं, पण जंतू त्याने जात नाहीत. हळदीचं पाणी, काढा, मेडिकलवरून आणलेली 'पोटाची गोळी' यातलं काही नको. अँटिबायोटिकची उरलेली पट्टी तर मुळीच नको. एक गोळी पोटात गेली तरी तपासणीत जंतू न उगवण्याची शक्यता असते आणि मग सगळा इलाज अंदाजावर चालतो.

घाई कशासाठी, ते आकड्यात सांगते. पश्चिम ऑस्ट्रेलियातही पेशंट गावोगाव दूरदूर पसरलेले असतात. तिथल्या अभ्यासात दिसलं की पेशंट दवाखान्यात पोचल्यावर अँटिबायोटिक मिळायला जितका उशीर, तितका पीडी बंद पडण्याचा किंवा पेशंट दगावण्याचा धोका जास्त. तासागणिक सुमारे ५.५ टक्क्यांनी तो वाढत गेला. म्हणजे घरून निघायला लागलेला वेळ वेगळाच, दवाखान्याच्या बाकावर केस पेपरसाठी गेलेला तासही महागात पडतो. बाकावर बसून राहू नका, सिस्टरला सांगा: "पीडीचा पेशंट आहे, पाणी गढूळ आहे."

नमुना आधी, औषध नंतर, पण दोन्ही त्याच बैठकीत

निदानासाठी तीन गोष्टी बघतात आणि त्यातल्या दोन जुळल्या की पेरिटोनायटिस म्हणतात. एक, पोटदुखी किंवा गढूळ पाणी. दोन, पाण्यातल्या पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरला १०० पेक्षा जास्त आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार). ही मोजणी पाणी पोटात किमान दोन तास राहिलेलं असेल तर धरायची. तीन, कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू उगवणं. तिसऱ्याला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून पहिल्या दोनवर इलाज सुरू होतो. पेशींचा रिपोर्ट संध्याकाळी मिळणार असेल तर त्याच्यासाठीही थांबायचं नाही. नमुना काढा आणि औषध द्या.

पेशी मोजायला थोडं पाणी जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये. कल्चरला मात्र साध्या डबीत पाणी देऊन भागत नाही. रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या वापरायच्या आणि पेशंटजवळच प्रत्येक बाटलीत ५ ते १० मिली पाणी भरायचं. पिशवी चार-पाच वेळा उलटसुलट करून पाणी नीट मिसळून घ्यायचं, पिशवीवरचा औषधाचा पोर्ट (सुई टोचायचं तोंड) स्पिरिटने पुसायचा, वाळू द्यायचा आणि नव्या सिरिंजने पाणी ओढायचं. प्रयोगशाळेत सोय असेल तर ५० मिली पाणी यंत्रात फिरवून तळाचा गाळ कल्चरला लावतात, त्याने जंतू सापडण्याची शक्यता आणखी वाढते.

भरलेल्या कल्चरच्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या नाहीत. नवीन असताना ही चूक मीच केली आहे. एका गावच्या मुलाला फोनवर सांगितलं, "उद्या सकाळच्या गाडीने पाठव, तोवर फ्रीजला ठेव." रिपोर्ट आला, 'काहीही उगवलं नाही'. जंतू होते की, गारठून बसले होते. पुढचे पंधरा दिवस आम्ही त्या काकांना अंदाजावर औषध दिलं. भरलेली बाटली सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. एसटीच्या ड्रायव्हरकडे देऊन पाठवायची असेल तरी चालेल, फक्त ती इंजिनाजवळ किंवा काचेखालच्या उन्हात राहू नये. उरलेली अख्खी पिशवी मात्र फ्रीजमध्ये ठेवली तर चालते. गरज पडली तर त्यातून पुन्हा नमुना घेता येतो.

पहिलं औषध कुठलं

जंतू कोणता हे माहीत नसताना दोन फळ्यांवर लढायचं असतं. जंतूंचे दोन मोठे गट: कातडीवरचे जंतू बहुतेक ग्रॅम पॉझिटिव्ह, आतड्यातले आणि पाण्यातले बहुतेक ग्रॅम निगेटिव्ह. पहिल्या फळीसाठी सेफाझोलिन किंवा व्हॅन्कोमायसिन, दुसरीसाठी सेफ्टाझिडिम किंवा अमिकासिन, जेंटामायसिन यांपैकी एक. दोन्हीकडचं मिळून एकट्या सेफेपीमवरही भागतं. त्या केंद्रात औषधांना न जुमानणारे स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस) जंतू वारंवार सापडत असतील, तर डॉक्टर सेफाझोलिनऐवजी व्हॅन्कोमायसिन घेतात.

औषध पोटातच द्यायचं, शिरेतून नव्हे. जंतू जिथं आहेत तिथं औषध थेट आणि भरपूर पोचतं. दिवसातल्या एकाच पिशवीत औषध घालून ती किमान सहा तास पोटात ठेवायची, ही सोपी पद्धत. रात्रीची पिशवी त्यासाठी उत्तम. या पद्धतीचे डोस असे:

सेफाझोलिन किलोमागे १५ मिलिग्रॅम, रोज एकदा. ५० किलोच्या माणसाला ७५० मिलिग्रॅम.
सेफ्टाझिडिम १,००० ते १,५०० मिलिग्रॅम, रोज एकदा.
सेफेपीम १,००० मिलिग्रॅम, रोज एकदा.
व्हॅन्कोमायसिन किलोमागे १५ ते ३० मिलिग्रॅम, ५ ते ७ दिवसांतून एकदा. पुढचा डोस शक्यतो रक्तातली पातळी बघून.
अमिकासिन किलोमागे २ मिलिग्रॅम, रोज एकदा.
जेंटामायसिन किलोमागे ०.६ मिलिग्रॅम, रोज एकदा.

शेवटच्या दोन ओळींवर तालुक्याच्या डॉक्टरांनी क्षणभर थांबावं. शिरेतून अमिकासिन द्यायची सवय असते, तिथं किलोमागे १५ मिलिग्रॅम हा आकडा हाताला बसलेला असतो. इथे २ आहे. ५० किलोला १०० मिलिग्रॅम, अख्खी ५०० ची बाटली नव्हे. जास्त दिलं तर कानाला आणि तोलाला फटका बसतो आणि उरलीसुरली लघवीही जाते. अमिकासिन, जेंटामायसिन लांबवू नयेत आणि पुन्हा पुन्हा वापरू नयेत, तेही याच कारणाने.

ज्यांना अजून बरी लघवी होते त्यांच्या अंगातून काही औषधं लवकर निघून जातात, त्यांचा डोस वाढवावा लागू शकतो. चोवीस तासांत साधारण किती लघवी होते ते डॉक्टरांना सांगा.

पेशंट गार पडला असेल, रक्तदाब घसरला असेल, बरळत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथं शिरेतून औषध आणि भरती, लगेच. आणि तालुक्याला पोटात औषध भरता येणारं कुणीच नसेल, तर नमुना काढून पहिला डोस शिरेतून द्यावा आणि मग पुढे पाठवावं. पोटातून देणं श्रेष्ठ आहे म्हणून तीन तासांच्या प्रवासात काहीच द्यायचं नाही, असं होऊ नये. 'सलाईन, तापाचं इंजेक्शन आणि पाच दिवस गोळ्या' एवढ्यावर घरी पाठवणं मात्र कृपा करून नको. दुखणं दबतं आणि पेशंट आठव्या दिवशी जास्त बिघडून आमच्याकडे येतो.

पिशवीत औषध घालताना

हे काम आधी आम्ही करतो आणि मग घरच्या एका माणसाला शिकवतो, कारण तीन आठवडे रोज दवाखान्यात येणं कुणाला जमत नाही. शिकवलेल्यानेच करायचं, शेजारच्या हुशार पोराने नव्हे.

खोलीचं दार-खिडकी बंद, पंखा आणि कूलर बंद. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात हे दहा मिनिटंही जड जातं, कपाळावरचा घाम मास्कवर उतरतो. म्हणून उन्हाळ्यात ही पिशवी पहाटे किंवा रात्री उशिरा लावा. हात साबणाने धुवायचे ते वाहत्या पाण्याखाली. नळाला पाणी नसेल, टँकरचं पाणी टाकीत भरलेलं असेल, तर दुसऱ्याने तांब्याने वरून धार धरायची. हंड्यात हात बुडवायचा नाही. स्वच्छ टॉवेलने कोरडे करून मग सॅनिटायझर, आणि तोही वाळेपर्यंत कशालाच हात नाही.

पिशवीची तारीख बघा, दाबून गळती बघा. औषधाचा पोर्ट स्पिरिटने घासून पुसा आणि पाच मिनिटं तसाच राहू द्या. ही पाच मिनिटं सगळे खातात. घड्याळ लावा.

प्रत्येक औषधाला वेगळी सिरिंज, वेगळी सुई. व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडिम एकाच सिरिंजमध्ये ओढले तर फाटतात. दोन लिटरच्या पिशवीत एकामागोमाग घातले तर चालतात. पेनिसिलिन जातीचं औषध आणि अमिकासिन-जेंटामायसिन मात्र एकाच पिशवीतही नको. सुई लांब घ्या. पोर्टच्या आत आणखी एक पडदा असतो, इन्सुलिनची छोटी सुई तिथवर पोचत नाही आणि औषध पोर्टच्या नळकांड्यातच अडकून बसतं. घरच्यांना वाटतं औषध गेलं. पोटात गेलेलं नसतं.

औषध घातल्यावर पिशवी पाच-सहा वेळा उलटी-सुलटी करा. चिकटपट्टीवर औषधाचं नाव, डोस, वेळ लिहून पिशवीवर लावा. गढूळपणा जास्त असेल किंवा धागे येत असतील तर नळी तुंबू नये म्हणून डॉक्टर लिटरमागे ५०० युनिट हेपॅरिन घालायला सांगतात. ते आतच काम करतं, त्याने रक्त पातळ होत नाही.

आठवडाभराच्या पिशव्या एकदम तयार करून ठेवू का, असं विचारतात. पुस्तकी हिशेबाने सेफाझोलिन मिसळलेली पिशवी खोलीच्या तापमानाला आठ दिवस टिकते, सेफ्टाझिडिमची चार दिवस. पण पुस्तकातली खोली पंचवीस अंशांची असते, आपल्या बीड-परभणीची मे महिन्यातली नव्हे. रोजची रोज तयार करा.

पिशवी कोमट करायला गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवू नका. पोर्टवर बसलेला पाण्याचा थेंबच जंतू आत नेतो. उन्हाळ्यात कोमट करायची गरजही नसते.

पहिले पाच दिवस

दुखणं साधारण दोन-तीन दिवसांत ओसरायला लागतं आणि पाणीही निवळत जातं. रोज एकाच वेळी कॅलेंडरपुढे पिशवी धरून फोटो पाठवा. आमचा अर्धा पाठपुरावा असाच चालतो. तिसऱ्या दिवशी पेशी पुन्हा मोजायच्या. तेव्हाही त्या एका मायक्रोलिटरला १,०९० च्या वर असतील तर इलाज फसण्याची शक्यता बरीच, हे हाँगकाँगच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं आहे. अशा पेशंटला आम्ही घरी ठेवत नाही.

या दिवसांत आणखी तीन गोष्टी घडतात आणि घरचे गोंधळतात. सुजलेला पडदा पिशवीतली साखर भराभर शोषतो, म्हणून मधुमेह्याची साखर चढते; इन्सुलिन वाढवावं लागतं. त्याच कारणाने पाणी कमी निघतं आणि पाय सुजतात. रोज वजन करा, जास्त साखरेची पिशवी कधी लावायची ते विचारा. आणि पाण्यावाटे प्रथिनं फार जातात. भाकरी-ठेच्यावर हे भरून निघत नाही. अंडी, डाळ, चालत असेल तर मासे-चिकन, आणि आहारतज्ज्ञांनी दिली असेल तर प्रोटीन पावडर.

सेफेपीम किंवा सेफ्टाझिडिम चालू असताना पेशंट असंबद्ध बोलायला लागला, हातापायांना झटके यायला लागले, तर ते बाहेरचं काही नाही. औषध अंगात साचलंय. ताबडतोब कळवा. अशा एका आजींना आमच्याकडे आणण्याआधी देवऋष्याकडे नेऊन आणलं होतं, त्यात दीड दिवस गेला.

अँटिबायोटिकसोबत बुरशीवरचं औषध का देतात, हेही सांगते. जंतू मेले की रिकाम्या जागेवर बुरशी बसते, आणि बुरशीचा पेरिटोनायटिस फार वाईट. म्हणून निस्टॅटिन किंवा एक दिवसाआड फ्लुकोनाझोल. फक्त फ्लुकोनाझोलने ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीचा असर वाढून साखर एकदम उतरू शकते, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला. खोकल्यासाठी म्हणून गावच्या दवाखान्यात अँटिबायोटिक मिळालं तरी आम्हाला फोन करा. बुरशीचा धोका तिथेही तोच.

जंतू कळल्यावर

रिपोर्ट आला की एक औषध बंद होतं, दुसरं चालू राहतं किंवा बदलतं. किती दिवस, ते जंतूवर ठरतं. कातडीवरचा साधा स्टॅफ किंवा स्ट्रेप्टोकॉकस असेल तर दोन आठवडे. स्टॅफ ऑरियस, एन्टेरोकॉकस, ई. कोलाय, क्लेबसिएला यांना तीन आठवडे. दहाव्या दिवशी पाणी काचेसारखं स्वच्छ असतं, पेशंट शेतात जायला लागलेला असतो आणि नेमकं तेव्हाच औषध सुटतं. पुढच्या महिन्यात तोच जंतू परत येतो, आणि आधीपेक्षा चिवट होऊन.

स्यूडोमोनास पाण्यातला जंतू. टाकी, टँकर, विहीर, कुठूनही येतो. त्याला तीन आठवडे आणि वेगवेगळ्या तऱ्हेने मारणारी दोन औषधं एकत्र. आतड्यातले दोन-तीन जंतू एकदम उगवले तर आतड्यालाच काही झालंय का, हे सर्जनने बघायला हवं. तिथं मेट्रोनिडाझोलही जोडतात.

काहीच उगवलं नाही आणि पेशंट सुधारतोय, तर दोन आठवडे पुरे. काहीच उगवलं नाही आणि सुधारतही नाही, तर तिसऱ्या दिवशी पुन्हा नमुना, आणि आपल्या भागात क्षयरोगाची तपासणी मागायला विसरू नका. साध्या कल्चरमध्ये तो दिसत नाही. क्षयरोग निघाला तर त्याची औषधं नळी ठेवूनही चालू करता येतात.

सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी दिली असेल तर फॉस्फरससाठीच्या कॅल्शियमच्या गोळीसोबत, लोहाच्या गोळीसोबत किंवा दुधाबरोबर घेऊ नका, किमान दोन तास आधी घ्या. नाहीतर गोळी आतड्यातच कॅल्शियमला चिकटून राहते आणि रक्तात फारशी जातच नाही.

नळी काढायची वेळ

योग्य औषध पाच दिवस देऊनही पाणी निवळलं नाही तर नळी काढायची. पेशी रोज उतरत असतील तर डॉक्टर थोडं थांबतात, नसतील तर नाही. बुरशी उगवली तर पाच दिवसही नाहीत, लगेच, आणि नळी काढल्यावर निदान दोन आठवडे बुरशीचं औषध. या बातमीला घरचे फार विरोध करतात. "नळी गेली म्हणजे सगळं गेलं" असं वाटतं. खरं तर नळीला चिकटलेल्या थरात जंतू दडतात, तिथं औषध पोचत नाही, आणि अडून राहिलं तर पडदाच खराब होतो. नळी काढून मानेतून तात्पुरता मशीनचा डायलिसिस करतात. संसर्ग पूर्ण बरा झाला की किमान दोन आठवड्यांनी नवी नळी बसवता येते.

नळीच्या तोंडाशी पू

बाहेर नळी निघते तिथं पू दिसला की स्वॅब घेऊन औषध सुरू. लाली, दुखरेपणा असेल तर फोटो आधी पाठवा. साध्या संसर्गाला सात ते दहा दिवस सेफॅलेक्सिनसारखी गोळी चालते. नळीच्या वाटेवर कातडीखाली दुखत-सुजत असेल तर दोन ते तीन आठवडे आणि सोनोग्राफी. हिरवट पू म्हणजे स्यूडोमोनासचा संशय, त्याला किमान तीन आठवडे. रोजच्या ड्रेसिंगला म्युपिरोसिन मलम, हळद किंवा अंगारा नाही. विहिरीत-नदीत पोहणं बंद, आंघोळीला टाकीतलं पाणी नळीच्या तोंडावर ओतू नका.

पाणी बदलताना जोड सुटून टोक जमिनीला किंवा अंगाला लागलं, तर वरचा क्लॅम्प लावा, पाणी आत घेऊ नका आणि या. नळीचा बाहेरचा तुकडा आम्ही बदलतो. पाणी आत गेलं असेल तर गढूळ व्हायची वाट न बघता अँटिबायोटिक देतो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कोंडलेल्या आतड्यातून जंतू पडद्यात उतरतात. पोटॅशियम कमी असेल तर तेही बघून घ्या. मांजर असेल तर पाणी बदलायच्या खोलीत येऊ देऊ नका, नळीला दात लागून संसर्ग झालेले पेशंट जगभर नोंदलेले आहेत.

शेवटच्या डोसनंतर

शेवटचा डोस दिला त्या दिवशी आम्ही घरच्या माणसाकडून पाणी बदलण्याची सगळी कृती पुन्हा करून घेतो, जणू पहिल्यांदा शिकतोय. बहुतेकदा चूक तिथेच सापडते. हात वाळायच्या आधी कॅप उघडणं, मास्क नाकाखाली असणं, चष्मा नसल्याने जोड चाचपत लावणं. चूक सापडली तर घरातला माणूस बदलावा लागतो, आणि सासूने केलेली चूक सुनेने सांगायची म्हटलं की तिथं नर्सचं काम सुरू होतं.

त्या शेवटच्या डोसची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवा आणि तिथून चार आठवडे मोजा. त्या आत पाणी पुन्हा गढूळ झालं आणि तोच जंतू निघाला, तर तो जुनाच संसर्ग उलटलेला, नळीत दडलेला. अशा वेळी नळी काढण्याचा विचार लवकर करावा लागतो. वेगळा जंतू निघाला तर कारण पुन्हा पहिल्यापासून शोधायचं. चार आठवडे उलटून गेल्यावर तोच जंतू आला तरी तो वेगळा भाग धरतात आणि औषध पुन्हा पहिल्यापासून मोजतात. म्हणून येताना फाईलबरोबर कॅलेंडरचं ते पानही आणा.